उंबऱ्याची नाल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मधे परात, एका बाजूला कुसुम पाटावर आणि दुसऱ्या बाजूला मी खुर्चीत, कारण माझे गुडघे आता मला जमिनीवर बसू देत नाहीत. वाल दोन बोटांत धरून दाबला की आतली डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि साल हातात राहतं. माझ्या हातून डाळिंबी उडते. जन्मभर उडाली. एखादी टीव्हीच्या टेबलाखाली गेली की कुसुम म्हणायची, "एवढं बारीक बारीक तारांचं काम करनारा मानूस, आनि वाल धरता येत नाय तुमाला." त्या संध्याकाळीही म्हणाली. मी म्हटलं, "वालाला करंट नाय ना, म्हनून भीती वाटत नाय त्याची." ती हसली. हसल्यावर तिला खोकला यायचा, तो आला, आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

सोललेले वाल पातेल्यात पाणी घालून ठेवले. सालं परसात टाकायला म्हणून ती उठली, तर तिचा पाय उंबऱ्यावरच्या नालेला अडखळला. आमच्या उंबऱ्यावर घोड्याची नाल ठोकलेली आहे. तिचा एक खिळा सैल होऊन वर आला होता. मी हातोडी आणायला उठलो, तर म्हणाली, "आत्ता नको. तिनीसांजंला घरात ठोकाठोक नको. उद्या सकाळी ठोका, कुनाच्या तरी पायाला लागंल. आनि वालाचं पानी बदलायची आठवन करा मला. दुपारी बिरडं करते." एवढंच आमचं बोलणं. मग भात-आमटी जेवलो आणि झोपलो.

नाल साधीच आहे, माथेरानच्या घोड्याची. नेरळला घोडेवाले जुन्या नाली टाकून देतात, तशातली. पण ही नाल खाडीत जाऊन आलेली आहे, आणि तिच्यामुळं माझं लग्न मोडता मोडता राहिलं, किंवा तिच्यामुळंच झालं, हे आम्हा दोघांत कधी ठरलं नाही. ते सांगायचं तर खालापूरच्या बाजूच्या भातगिरणीतली बोट सांगावी लागते.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही धड नाही. घर कडावचं. भाताची शेती, दोन म्हशी, सकाळी दूध कर्जतला पोचवायचं. आईचा दिवस म्हशींना शिव्या देऊन सुरू व्हायचा आणि त्यांच्याच अंगावरून हात फिरवून संपायचा. वडील कमी बोलायचे. मी शाळा सोडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग हाताला काय तरी लाव." मी हाताला तारा लावल्या. कर्जतच्या बाजारात माझ्या चुलत्याचं, तात्याचं, दुकान होतं. पंपाच्या मोटरी, रेडिओ, मिक्सर काय येईल ते तिथं दुरुस्त व्हायचं आणि लग्नसराईत मांडवाच्या लायटिंगची कामं. मला लायटिंगच आवडायचं. लाल-हिरव्या दिव्यांची माळ पळायला लागली की पोरं ओरडायची, आणि ते माझ्यामुळं पळतंय असं वाटायचं. मांडवाच्या कामाची एक खोड लागते. तारेला तार पिळायची, वर काळी पट्टी गुंडाळायची, झालं. उद्या सोडायचंच असतं. ही खोड पुढं मला महागात पडली.

एक दिवस दुकानात एक उंच, उन्हानं भाजलेला माणूस आला. पांढरी दाढी, खाकी चड्डी, आणि एवढा मोठा माणूस चड्डीवर हिंडतोय याची लाज नाही. जहाजावरून निवृत्त झालेला होता. बाजारात सगळे त्याला कप्तान म्हणायचे, खालापूरच्या बाजूला बोटवाला म्हणायचे आणि पाठीमागं येडा म्हणायचे. त्यानं तिथं एक बंद पडलेली भातगिरणी भाड्यानं घेतली होती आणि तिच्या उंच पत्र्याखाली एक बोट आणून ठेवली होती. मुंबईला मोडीत निघालेल्या जहाजाची जीव वाचवायची लाकडी बोट, लॉरीवर घालून घाटाखालपर्यंत आणलेली. तिच्यावर खोली बांधायची, इंजिन बसवायचं, शीड लावायचं आणि समुद्रात जायचं, असा त्याचा बेत. समुद्र तिथून कुठल्या कुठं. आजूबाजूला नुसती भातखाचरं. लोक गंमत बघायला यायचे. "कप्तान, पावसात खाचरात सोडा तिला, चिखलनी तरी करंल," असं म्हणायचे. कप्तान म्हणायचा, "तुमचे बैल बांधा पुढं, मी तयार आहे." लोकांना तो आवडायचा.

त्यानं तात्याकडं वायरमन मागितला. तात्यानं माझ्याकडं बोट दाखवलं, कारण मी दुकानात चहा पिऊन जास्त बोलतो असं त्याचं मत होतं.

गिरणीत शिरलो की अजून भाताच्या कोंड्याचा वास यायचा. आज इतक्या वर्षांनी कुठं कोंडा पेटवलेला दिसला की मला पहिल्यांदा बोट आठवते, भात नंतर. आत दिवसभर रंध्याचा आवाज. तो नामामिस्त्रींचा. नामदेव मिस्त्री दहिवलीचे, आमच्यातलेच, पण शेती थोडी म्हणून सुतारकामाला लागलेले आणि त्यात नाव कमावलेले. बैलगाड्या, दारं, देव्हारे केलेला माणूस, आता बोटीच्या फळ्या बसवत होता. पोहता येत नव्हतं. उल्हास नदीच्या काठी जन्म गेला, पण गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात पाय घातला नाही, असं ते अभिमानानं सांगायचे.

कप्तानानं मला एक लाकडी पेटी उघडून दाखवली. आत यंत्रं. काही मोडीतली, काही त्याच्या जहाजावरच्या मित्रांनी परदेशातून आणून दिलेली. एक पाण्याची खोली सांगणारं, त्याचा डोळा बोटीच्या पोटाला पाण्यात बसवायचा. एक वेग सांगणारं, त्याचं चाक पाण्याखाली फिरतं. वाऱ्याची भिंगरी डोलकाठीच्या टोकाला. एक दिशा ओळखणारी डबी, म्हणजे विजेचं होकायंत्र. आणि एक मोटर, ती सुकाणूची दांडी धरते. आकडा लावून दिला की डबी त्या मोटरीला सांगते, इकडं जा, तिकडं जा, आणि माणसानं हात लावायची गरज नाही. हे मला तेव्हा खरंच वाटेना.

"ही सगळी एकमेकांना जोडायची," कप्तान म्हणाला. "एकाला कळलं ते दुसऱ्याला कळलं पाहिजे. खाली खोलीत जे दिसेल तेच वर सुकाणूपाशी दिसलं पाहिजे."

"म्हणजे एकत्र कुटुंब," मी म्हटलं.

"एकत्र कुटुंबात भांडणं तरी ऐकू येतात. इथं तार सैल राहिली तर गुपचूप बंद पडेल."

पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणं तारा पिळून काळी पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी कप्तानानं पक्कड घेतली आणि माझे सगळे सांधे एकामागून एक कापून टाकले, न बोलता. मग म्हणाला, "हा मांडव नाही. उद्या सोडायचं नाही. खारी हवा सांध्यात शिरली की तांबं हिरवं होतं आणि मग समुद्रात तुला दुकान सापडणार नाही." त्यानं मला शिकवलं: तारेला कल्हईसारखं शिसं भरायचं, वर नळी चढवायची, तोंडं मेणानं बंद करायची, आणि प्रत्येक तार खाली एक झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी तारेवरून ओघळलं तर झोळावर ठिबकेल, यंत्रात जाणार नाही. तो मला येडा कधीच वाटला नाही. त्याला त्याचं काम येत होतं आणि मला शिकवायचा कंटाळा नव्हता. मी पुढं जी कमाई केली ती त्या मेणाच्या जोरावर केली.

अडचण एकच होती. तारा सगळ्या काळ्या. एक टोक खाली खोलीत, दुसरं वर सुकाणूपाशी, मधे फळ्यांच्या पाठीमागून पळणारं एवढं मोठं जाळं. कप्तान कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायचा, इंग्रजीत. मला त्या लावून लावून वाचाव्या लागायच्या आणि दमट हवेनं त्या गळून पडायच्या.

कुसुम, मिस्त्रींची मुलगी, दुपारी त्यांची भाकरी घेऊन यायची. एसटीनं चौक गावापर्यंत आणि पुढं चालत. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी वालाचं बिरडं, आणि डब्याच्या झाकणात एक कांदा. मिस्त्री जेवेपर्यंत ती गिरणीच्या ओट्यावर बसून गोधडी शिवायची. माझ्याकडं बघायची नाही. मी तिच्याकडं बघायचो आणि हातोडी बोटावर मारून घ्यायचो. एक दिवस मी तारांच्या जंजाळात बसून स्वतःशी शिव्या देत होतो, तर ओट्यावरून आवाज आला.

"ओ वायरमन, गुरं एका रंगाची असली तर गळ्यात चिंधी बांधत्यात. तारांना काय कमीपना हाय का?"

तिनं गोधडीच्या गाठोड्यातल्या चिंध्या दिल्या. खोली सांगणाऱ्याला हिरवी, तिच्या आजीच्या लुगड्याची. वेगाच्या चाकाला लाल. वाऱ्याच्या भिंगरीला हळदीचे डाग पडलेली पिवळी. होकायंत्राला निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, तिच्या स्वतःच्या जुन्या परकराची. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आणि मधे जिथं तार दिसेल तिथं गाठ. कप्तानानं बघितलं, चिठ्ठ्या गोळा केल्या आणि खिशात टाकल्या. मिस्त्रींनी बघितलं आणि रंधा जरा जास्तच जोरात मारायला लागले.

मिस्त्रींचा माझ्यावर राग नव्हता, तारांवर विश्वास नव्हता. "लाकूड कसं, ठोकलं की सांगतं आत पोकळ हाय का भरीव. तुझ्या तारंत काय चाललंय ते कुनाला दिसतं रं?" असं म्हणायचे. आई एका रविवारी दहिवलीला जाऊन मुलगी मागून आली. मिस्त्रींनी चहा पाजला आणि सांगितलं, "बोट पान्यात पडू द्या. कप्तान म्हनतो फळ्या गळतात का बघायला तुमी सोबत पायजे. मी तीत बसनार हाय. तुमच्या पोराच्या तारांनी मला परत आनलं तर पुढचं बोलू." आईनं घरी येऊन मला विचारलं, "आनतील ना रं तारा?" मी हो म्हणालो. त्या दिवसापासून मला झोप नीट लागली नाही. माझं लग्न त्या बोटीत होतं आणि पोहता न येणारा सासराही.

बोट लॉरीवर चढवली तेव्हा आजूबाजूच्या वाड्यावस्त्या लोटल्या होत्या. बायकांनी नारळ फोडला, कुणीतरी बोटीला कुंकू लावलं. लॉरी खारपाड्याला खाडीच्या धक्क्यावर गेली आणि भरती बघून बोट पाण्यात उतरवली. ती सरळ तरंगली. खाचरात चिखलणी करणार म्हणणारे दोघे-तिघे आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानानं ती दोरीनं धक्क्यापाशीच सगळीकडं फिरवली आणि त्याच्या जुन्या पितळी होकायंत्राशी माझ्या विजेच्या डबीचा आकडा ताडून बघितला. जुळला. पितळी होकायंत्र त्यानं पेटीत घालून ठेवलं. रात्रभर बोट धक्क्याला बांधलेली, आणि सकाळच्या भरतीला निघायचं ठरलं.

सकाळी कुसुम आणि तिची आई पहिल्या एसटीनं डबा घेऊन आल्या. थंडीचे दिवस, खाडीवर धुकं. कप्तान धक्क्यावर इंजिनवाल्याशी बोलत होता, मिस्त्री तळातलं पाणी चाचपत होते, मी वाऱ्याच्या भिंगरीकडं मान वर करून उभा. कुसुम म्हणाली, "मी आत बघू का जरा?" आणि खोलीत जाऊन लगेच परत आली. मला वाटलं, तिच्या चिंध्या बघायला गेली.

आम्ही तिघं निघालो. खाडी रुंद होत गेली आणि धुकं विरायच्या ऐवजी दाट होत गेलं. सूर्य वर आल्यावर ते आणखीनच पांढरं झालं, दुधात बोट घातल्यासारखं. कप्तान खूश होता. "आज खरी परीक्षा," म्हणाला, नकाशा बघितला, आकडा लावला आणि कळ दाबली. मोटर घूं करून लागली आणि सुकाणूची दांडी आपोआप हलली. मिस्त्री दोन हातांनी फळी धरून बसले होते, ते दचकून मागं सरकले. "आगं आय गं! कोन हलवतंय तिला?"

"तुमच्या जावयाची तार," कप्तान म्हणाला.

"अजून जावाय नाय झाला," मिस्त्री म्हणाले.

बोट वळली आणि सरळ चालली. वर आकडा बरोबर, खाली खोलीत आकडा बरोबर, सगळी यंत्रं एकमेकांना दुजोरा देत होती. माझी छाती फुगली, ते मला आठवतं. आणि तेवढ्यात खोली सांगणारं यंत्र ओरडायला लागलं. पीं पीं पीं. हिरव्या चिंधीचं. कप्तानानं त्याला सांगून ठेवलं होतं की पाणी एवढ्याहून उथळ झालं की ओरड. त्यावरचा आकडा बघता बघता खाली येत होता.

"इथं खोल पाणी पाहिजे," कप्तान म्हणाला. आवाज बदलला होता. त्यानं इंजिन बंद केलं, मला ओरडला, "नांगर!" मी नांगर टाकला. बोट दोरीला ताण देऊन थांबली, आणि समोर धुक्यातून काळे काळे दांडे दिसायला लागले. मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट, चिखलात रोवलेले, टोकं वर. कप्तान खालच्या आवाजात सांगून गेला की भरती फिरलीय. आता ओहोटी. चिखलात बसलो असतो तर पाणी निघून गेल्यावर बोट कलंडून त्या खुंटांवर पडली असती, आणि पुढची भरती फुटलेल्या फळ्यांतून आत आली असती. मिस्त्रींना सगळं समजलं नाही, पण खुंट दिसत होते. तेवढं पुरे होतं.

"तुला म्हनलं व्हतं ना मी!" ते माझ्यावर ओरडले. "तार उलटी लावलीस रं तू! दिसत नाय, वाजत नाय, आनि मानसाला मातीत नेऊन घालतीय!"

कप्तानानं पेटीतलं पितळी होकायंत्र काढलं आणि पुढच्या टोकाला जाऊन बघितलं. ते एक दिशा सांगत होतं, माझी डबी भलतीच. आणि डबीला जे भलतं कळलं होतं ते तिनं सगळ्या घराला सांगितलं होतं, म्हणून सगळे आकडे जुळत होते. पाण्याची खोली मात्र कुणाचं ऐकून बोलत नव्हती, तिचा डोळा स्वतः पाण्यात होता. कप्तान शांतपणे म्हणाला, "निळी तार बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मी बाकाखाली पालथा पडून बॅटरी घेऊन निळी तार बघत गेलो. गाठ, झोळ, गाठ, मेण, गाठ. कुठं काही चुकलेलं नाही.  चूक सापडली तर माझी, आणि सापडली नाही तर आणखीच माझी. बाकाच्या कोपऱ्यात होकायंत्राची डबी होती, तिच्यापर्यंत हात नेला, तर डबीच्या डोक्यावर कापडाचं एक गाठोडं. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. आत काहीतरी जड.

हाताला लागल्याबरोबर मला कळलं काय आहे ते आणि कुणी ठेवलंय ते. तिथं पालथा पडलेलो असताना माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. हे बाहेर काढलं तर पोरीला बाप काय म्हणेल, आणि नाही काढलं तर मला तो जन्मभर काय म्हणेल. फार विचार करायला मला येत नाही. मी बाहेर आलो आणि गाठोडं मिस्त्रींच्या पुढं फळीवर ठेवलं.

त्यांनी सोडलं. नाल. काळी, घासून चकचकीत केलेली, मधे हळद-कुंकवाचं बोट. मिस्त्री तिच्याकडं बघतच बसले.

"ही तर आमच्या उंबऱ्यावरची," ते म्हणाले. "काल निगताना मी म्हनलं, कुसे, नाल कुटं गेली? तर म्हनली, घासाया काडलीय, बाबा."

कप्तानानं नाल उचलली आणि हात लांब करून चालत पार पुढच्या टोकाला गेला. खोलीतला दिशेचा आकडा हलला, फिरत फिरत आला आणि पितळी होकायंत्राच्या आकड्यावर येऊन थांबला. वरचाही थांबला. कप्तानानं नाल परत आणली, आकडा पळाला. परत नेली, आकडा घरी आला. "लोखंड," तो म्हणाला. "होकायंत्राला लोखंडापुढं दुसरं काही दिसत नाही. तार चोख आहे."

मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीखाली घातले.  मग एकदम त्यांच्या पोटातून हसू आलं. "बापाला पान्यात काय हू नये म्हनून नाल ठेवली पोरीनं," म्हणाले, "आनि बापालाच बुडवत व्हती!" ते हसायला लागले ते थांबेनात. कप्तान डोळे पुसत हसला. मीही नांगराच्या दोरीवर बसून हसलो. तसं हसू मला नंतर कधी आलं नाही. जिवंत आहोत म्हणून येतं ते हसू.

कप्तानानं बोट मागं खोल पाण्यात घेऊन परत नांगर टाकायला लावला आणि धुकं उठायची वाट बघत आम्ही भाकरी खाल्ली, त्या खुंटांकडं बघत. सुकटीची चटणी इतकी चांगली मी कधी खाल्ली नाही, आणि बायकोला मी चाळीस वर्षं हे सांगत आलो, तेव्हा तिनं शेवटी म्हटलं होतं, "तवा मीठ जास्त झालं व्हतं तीत." जेवल्यावर मिस्त्री नाल परत कापडात गुंडाळायला लागले, तर कप्तान म्हणाला, "काढायची नाही. फक्त जागा चुकली. पुढं नाकावर ठोका, डबीपासून लांब." मिस्त्रींनी पिशवीतून हातोडी काढली आणि बोटीच्या नाकावर नाल स्वतः ठोकली. ठोकताना पाण्याकडं एकदाही बघितलं नाही. मग मोटर पुन्हा लावली आणि दांडीनं आम्हाला सरळ धक्क्यावर आणलं. येताना मिस्त्री दांडीशेजारी बसले होते. मधेच त्यांनी एक बोट हळूच तिच्यावर ठेवलं, आणि ती हलली की तेही हलू दिलं.

कुसुम धक्क्याच्या टोकाला उभी होती. आम्हाला उशीर झाला होता आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मिस्त्री उतरले, जमिनीवर पाय आपटून बघितले, आणि म्हणाले, "कुसे, उंबऱ्याला नवी नाल बघ आता."

"का? जुनी?"

"जुनी बोटीला दिली. तुज्या वायरमनला गावली ती. चिंधीवरनं वळखली त्यानं."

तुज्या वायरमनला. मिस्त्रींच्या तोंडून हे निघालं आणि कुसुमनं पदर तोंडाला लावला. आईला घरी जाऊन मी सांगितलं, "आनलं तारांनी." लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मांडवाची लायटिंग मी स्वतः केली, आणि सगळे सांधे शिशाचे, मेण लावून. तात्या म्हणाला, "अरे, उद्या सोडायचंय हे." मी म्हटलं, "राहू दे."

कप्तान पुढं बोट विकून मुलाकडं राहायला गेला. जाताना नाल काढून घेऊन आमच्या घरी आला, चहा प्यायला, आणि कुसुमच्या हातात देऊन म्हणाला, "हिची जागा तुझ्या उंबऱ्यावर." तिथंच आहे ती तेव्हापासून. मी घरातलं सगळं वायरिंग दोनदा बदललं, घर बदललं तेव्हा तिला नव्या उंबऱ्यावर ठोकली, पोरगा ठाण्याला गेला, त्यानं मला मोबाईल दिला. कुसुम मोबाईल उंबऱ्यापासून लांब ठेवायला लावायची. "त्यातही असंल ती डबी," म्हणायची. असते म्हणे. नातवानं सांगितलं.

शेवटच्या वर्षात तिच्या छातीत पाणी भरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी आणाल तेव्हा नळ्या लावाव्या लागतील. शेजारणीला तशा नळ्यांत पडलेलं तिनं बघितलं होतं, महिनाभर. घरी येताना रिक्षात म्हणाली, "मला नका जोडू कशाला. तुमाला लय हौस हाय जोडायची." मी हो म्हणालो, पण हो म्हणून काय होतं, त्या वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही. मी रोज रात्री ती झोपल्यावर तिच्या श्वासाकडं कान लावून झोपायचो आणि मनात एकच, ती वेळ आली तर मी काय करीन.

ती वेळ आलीच नाही. वाल सोलले त्या रात्री ती झोपेत गेली, गालाखाली हात घेऊन, नेहमीसारखी कुशीवर. सकाळी मी हाक मारली तेव्हा कळलं. मला आधी काय वाटलं ते खरं लिहितो, लोकांनी काय समजायचं ते समजावं. मला हायसं वाटलं. नळी नाही, सुई नाही, माझ्यावर काही ठरवायची पाळी नाही. तिचं तिनं व्यवस्थित सोडवून घेतलं. रडू नंतर आलं, अजून येतं, कधीही येतं, पण पहिलं ते आलं नाही.

मी पंखा बंद केला. तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग बाहेरच्या खोलीत आलो आणि दार उघडलं तर नाल समोर, एका बाजूनं उचकटलेली. आता दिवसभर या उंबऱ्यावरून माणसं येणार, जाणार, आणि तिलाही इथूनच न्यायचं. कुणाच्या पायाला लागायला नको. मी हातोडी काढली, गुडघे मोडत खाली बसलो, जुना खिळा उपसला आणि नवा ठोकला. नीट बसेपर्यंत ठोकला.

आवाजानं शेजारची सुनंदा दारात आली, हातात दुधाची पिशवी. "काका, सकाळी सकाळी काय ठोकताय?"

"नाल," मी म्हटलं. "आत ये. पातेल्यात वाल हायत, त्यांचं पानी बदल आधी, आनि घेऊन जा तुमच्याकडं, आमच्या घरी आज चूल नाय पेटायची. मग तुझ्या काकीला बघ."